अवयव पाडताना थांबायचे केव्हा?

'६० या संख्येचे अवयव पाडा' असे गुरुजींनी सांगितले, तर वर्गात काय होईल? कोणी लिहील ६ × १०. कोणी लिहील ४ × १५. आणखी कोणी लिहील ५ × १२. तिघांचेही गुणाकार बरोबर आहेत, पण तिघांची उत्तरे मात्र निरनिराळी आहेत. मग खरे उत्तर कोणाचे?

आपण तिघांनाही थोडे पुढे जायला सांगू. पहिला म्हणेल, ६ म्हणजे २ × ३ आणि १० म्हणजे २ × ५. दुसरा म्हणेल, ४ म्हणजे २ × २ आणि १५ म्हणजे ३ × ५. तिसरा म्हणेल, ५ तसाच राहू द्या, १२ म्हणजे २ × २ × ३. आता तिघांच्याही वहीत एकच उत्तर दिसेल:

६० = २ × २ × ३ × ५

याच्या पुढे जाता येत नाही, कारण २, ३ आणि ५ या मूळ संख्या आहेत. म्हणजे तिघे वेगवेगळ्या वाटांनी निघाले आणि शेवटी एकाच ठिकाणी पोहोचले. अर्ध्या वाटेत थांबले होते, तोपर्यंतच त्यांची उत्तरे वेगळी होती. बीजगणितात 'पूर्ण अवयव पाडा' असे सांगतात, त्याचा अर्थ हाच.

'अवयव' हा शब्द तुम्ही मराठीत दुसऱ्या अर्थानेही ऐकला असेल. हात, पाय, डोळे, कान हे शरीराचे अवयव आहेत. शरीर जसे अवयवांचे बनते, तशी संख्या तिच्या अवयवांच्या गुणाकाराने बनते. तुमच्या उर्दू गणिताच्या पुस्तकात यांनाच 'अज्ज़ा-ए-ज़र्बी' म्हणतात. 'ज़र्ब' म्हणजे गुणाकार. गंमत अशी की हा अरबी शब्द मराठीतही आला आहे, पण वेगळ्या अर्थाने. 'त्या शिक्षकांची वर्गावर चांगली जरब आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा जरब म्हणजे दरारा.

आता संख्येऐवजी अक्षर घेऊ. माहीत नसलेल्या संख्येला आपण 'क्ष' म्हणू. क्ष² + ५क्ष + ६ ही एक बहुपदी आहे. उर्दूत तुम्ही तिला 'कसीर रुकनी' म्हणता. तिचे अवयव असे पडतात:

क्ष² + ५क्ष + ६ = (क्ष + २)(क्ष + ३)

हे डोळ्यांपुढे आणायचे असेल तर शेतात चला. अहिल्यानगर जिल्ह्यात कांद्याचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतात. रोपे तयार करण्यासाठी शेतकरी वाफे पाडतात. समजा, एक चौरस वाफा आहे आणि त्याची प्रत्येक बाजू क्ष मीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ क्ष² चौरस मीटर झाले. त्याची लांबी ३ मीटरने वाढवली, तर एका बाजूला ३क्ष चौरस मीटरची पट्टी वाढेल. रुंदी २ मीटरने वाढवली, तर दुसऱ्या बाजूला २क्ष चौरस मीटरची पट्टी वाढेल. कोपऱ्यात ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद असा लहान तुकडा मिळेल. तो ६ चौरस मीटरचा. हे सगळे मिळून क्ष² + ५क्ष + ६ झाले. क्षेत्रफळावरून वाफ्याची लांबी आणि रुंदी शोधून काढणे म्हणजेच अवयव पाडणे.

याचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. एक उदाहरण घ्या. एका शेतकऱ्याला गुरांसाठी गोठा बांधायचा आहे. गोठ्याची लांबी रुंदीपेक्षा ६ मीटरने जास्त हवी आणि क्षेत्रफळ ११२ चौरस मीटर हवे. रुंदी क्ष मानली तर लांबी क्ष + ६ होईल. म्हणून

क्ष² + ६क्ष − ११२ = ०
(क्ष + १४)(क्ष − ८) = ०

दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल, तर त्यांपैकी एक तरी शून्य असलीच पाहिजे. येथे क्ष = ८ किंवा क्ष = −१४. गोठ्याची रुंदी ऋण असू शकत नाही. म्हणून रुंदी ८ मीटर आणि लांबी १४ मीटर. अवयव पाडताच एक अवघड प्रश्न दोन सोप्या प्रश्नांत वाटला गेला.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. पुढील बहुपदी पाहा:

२क्ष⁵ − ३२क्ष

प्रथम दोन्ही पदांत सामाईक काय आहे ते शोधावे. येथे २क्ष सामाईक आहे. ते बाहेर काढू:

२क्ष(क्ष⁴ − १६)

पुष्कळ विद्यार्थी येथेच थांबतात. पण कंसाच्या आत पाहा. क्ष⁴ हा क्ष² चा वर्ग आहे आणि १६ हा ४ चा वर्ग आहे. दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी, हे सूत्र तुम्हांला पाठ आहे:

२क्ष(क्ष² − ४)(क्ष² + ४)

आता तरी थांबावे का? नाही. पहिल्या कंसात पुन्हा दोन वर्गांची वजाबाकी आहे:

२क्ष(क्ष − २)(क्ष + २)(क्ष² + ४)

तीनदा कंसात पाहिले तेव्हा हे उत्तर मिळाले. म्हणून पहिला नियम असा: नवा कंस तयार झाला की त्याच्या आत पुन्हा पाहा. तो कंस म्हणजे एक नवे उदाहरणच आहे, असे समजा.

आणि क्ष² + ४ चे काय? त्याचे आणखी अवयव पडतील का? येथे 'मला सूत्र आठवत नाही, म्हणून थांबलो' असे म्हणून चालणार नाही. थांबण्याचे कारण देता आले पाहिजे. कारण असे. क्ष² + ४ चे दोन साधे अवयव पडले असते, तर क्ष ची एखादी किंमत घेतल्यावर त्यांतला एक अवयव शून्य झाला असता आणि सगळी राशीही शून्य झाली असती. पण क्ष धन असो, ऋण असो किंवा शून्य असो, त्याचा वर्ग कधीच ऋण नसतो. म्हणून क्ष² + ४ ची किंमत ४ पेक्षा कमी होतच नाही. ती शून्य कशी होईल? तेव्हा येथे थांबणे योग्य आहे, आणि का थांबलो हेही आपल्याला सांगता येते.

अर्धवट अवयव पाडले तर काय बिघडते? गुण कमी मिळतात, हे खरे. पण त्याहून मोठे नुकसान होते. पुढे लपलेली गोष्ट आपल्याला दिसतच नाही. कोणतीही पूर्ण संख्या घ्या. तिच्या घनातून तीच संख्या वजा करा. ७ घेतली तर ३४३ − ७ = ३३६. १० घेतली तर १००० − १० = ९९०. २५ घेतली तर १५६२५ − २५ = १५६००. या तिन्ही उत्तरांना ६ ने भागून पाहा. प्रत्येक वेळी निःशेष भाग जातो. असे का व्हावे? क्ष³ − क्ष कडे नुसते पाहून काही कळत नाही. क्ष(क्ष² − १) असे लिहिले तरी कळत नाही. पण अवयव पूर्ण पाडले की

क्ष³ − क्ष = (क्ष − १) × क्ष × (क्ष + १)

या तर एकापुढे एक येणाऱ्या तीन संख्या झाल्या! अशा तीन संख्यांत एक तरी सम असते आणि एक तरी ३ ने विभाज्य असते. म्हणून त्यांच्या गुणाकाराला ६ ने भाग जाणारच. शेवटच्या पायरीवर जे दिसले, ते आधीच्या पायरीवर दिसत नव्हते.

तीन पदे असलेल्या आणि क्ष² पर्यंतच जाणाऱ्या राशीसाठी थांबण्याची एक पक्की कसोटी आहे. अक्ष² + बक्ष + क अशी राशी घ्या. अ, ब आणि क या पूर्ण संख्या असू द्या. ब² − ४अक ही संख्या काढा. ती पूर्ण वर्ग असेल, तर राशीचे परिमेय संख्यांत अवयव पडतात. पूर्ण वर्ग नसेल, तर पडत नाहीत. या संख्येला विवेचक म्हणतात.

उदाहरणार्थ, ६क्ष² + क्ष − १२ चा विवेचक १ + २८८ = २८९ आहे. २८९ हा १७ चा वर्ग आहे. म्हणजे अवयव आहेतच. शोध सोडू नका. ते आहेत (३क्ष − ४)(२क्ष + ३). उलट क्ष² + ३क्ष + १ चा विवेचक ९ − ४ = ५ आहे. ५ हा पूर्ण वर्ग नाही. येथे अवयव शोधण्यात वेळ घालवू नका.

ही कसोटी आली कोठून? तिच्या मुळाशी फार जुनी युक्ती आहे. श्रीधर नावाच्या भारतीय गणितज्ञाने वर्गसमीकरण सोडवण्याची एक रीत सांगितली होती. भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' या ग्रंथात श्रीधराचे नाव घेऊन ती दिली आहे. भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा. आजच्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण नावाचे गाव आहे. तेथील १२०७ सालच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने तेथे मठ काढला, असे तो लेख सांगतो.

श्रीधराची रीत आपण गोठ्याच्या उदाहरणावर वापरून पाहू. क्ष² + ६क्ष = ११२. क्ष² चा सहगुणक १ आहे. त्याच्या चौपटीने, म्हणजे ४ ने, दोन्ही बाजूंना गुणा. मग क्ष च्या सहगुणकाचा वर्ग, म्हणजे ३६, दोन्ही बाजूंत मिळवा:

४क्ष² + २४क्ष + ३६ = ४४८ + ३६
(२क्ष + ६)² = ४८४ = २२²

म्हणून २क्ष + ६ = २२ आणि क्ष = ८. हे ४८४ म्हणजेच आपला विवेचक. तो पूर्ण वर्ग निघाला म्हणून उत्तर सरळ मिळाले. शेतकऱ्याने ११२ ऐवजी ११० चौरस मीटरचा गोठा मागितला असता, तर विवेचक ३६ + ४४० = ४७६ आला असता. तो पूर्ण वर्ग नाही. तेव्हा परिमेय संख्यांत अवयव पडले नसते.

या विद्येचा प्रवास मोठा सुंदर आहे, आणि त्यात अरबी व फारसी भाषांचा वाटा मोठा आहे. बगदादमध्ये इ. स. ८२० च्या सुमारास अल-ख्वारिज़्मी यांनी 'अल-जब्र वल-मुक़ाबला' या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यातल्या 'अल-जब्र' वरूनच 'अल्जेब्रा' हा शब्द जगभर गेला. माहीत नसलेल्या संख्येला ते 'शै' म्हणत. शै म्हणजे वस्तू, हे तुम्हांला उर्दूमुळे माहीतच आहे. भास्कराचार्य तिला 'यावत्तावत्' म्हणत, आणि अशा अनेक संख्या असल्या तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. आपण क्ष म्हणतो. नाव कोणतेही असो, विचार तोच आहे.

अल-ख्वारिज़्मींचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे: एका संख्येचा वर्ग आणि तिची दहापट मिळून ३९ होतात, तर ती संख्या कोणती? त्यांनी चौरस काढला. त्याच्या दोन बाजूंना प्रत्येकी ५ रुंदीची पट्टी जोडली. आपल्या वाफ्याप्रमाणेच कोपऱ्यात जागा रिकामी राहिली. ती जागा ५ × ५ = २५ ची. ती भरल्यावर ३९ + २५ = ६४ चा पूर्ण चौरस झाला. त्याची बाजू ८. त्यातून ५ वजा केले की उत्तर ३. श्रीधर आणि भास्कराचार्य जे संख्यांनी करत होते, तेच येथे आकृतीने केले आहे.

पुढे संस्कृतातले गणित फारसीत आले. अकबराच्या दरबारातले कवी फ़ैज़ी यांनी १५८७ मध्ये भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चा फारसी अनुवाद केला. हेच फ़ैज़ी १५९१ मध्ये अकबराचे वकील म्हणून दक्षिणेत आले. खानदेशाच्या राजाकडे आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निज़ामशहाकडे त्यांना पाठवले होते. त्यानंतर शाहजहानच्या काळात, १६३४ च्या सुमारास, अताउल्ला रशीदी यांनी 'बीजगणित' या ग्रंथाचा फारसी अनुवाद केला. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्याचे वास्तुकार म्हणूनही अताउल्लांचे नाव घेतले जाते.

अहमदनगर शहराचा गणिताच्या इतिहासाशी आणखी एक धागा आहे. या शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. तेथील भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात इंग्रज सरकारने राष्ट्रीय नेत्यांना कैदेत ठेवले होते. मौलाना अबुल कलाम आज़ाद यांनी 'ग़ुबार-ए-ख़ातिर'मधील पत्रे तेथेच लिहिली. पंडित जवाहरलाल नेहरूंनी १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ तेथेच लिहिला. त्या ग्रंथातील एका प्रकरणात प्राचीन भारतातील गणितावर एक स्वतंत्र भाग आहे. तुरुंगात बसूनही नेहरूंना शून्याची आणि बीजगणिताची कथा सांगावीशी वाटली.

आता परत वहीकडे येऊ. विवेचकाची कसोटी क्ष² पर्यंतच्या राशींना लागू पडते. त्याहून मोठ्या राशींचे काय? क्ष³ पर्यंत जाणारी बहुपदी असेल आणि तिचे अवयव पडत असतील, तर त्यांत एक तरी क्ष − अ अशा साध्या रूपाचा असतोच. तीनचे दोन भाग पाडले तर एक भाग एकचा असलाच पाहिजे. म्हणून क्ष³ − ७क्ष + ६ अशा उदाहरणात शेवटच्या ६ ला ज्या संख्यांनी भाग जातो, त्या धन आणि ऋण दोन्ही घेऊन क्ष च्या जागी ठेवून पाहाव्यात. १ ठेवला तर १ − ७ + ६ = ०. म्हणजे क्ष − १ हा एक अवयव आहे. भागाकार केला की क्ष² + क्ष − ६ उरते. त्याचे अवयव (क्ष + ३)(क्ष − २). म्हणून

क्ष³ − ७क्ष + ६ = (क्ष − १)(क्ष + ३)(क्ष − २)

क्ष च्या जागी सगळ्या शक्य संख्या ठेवूनही शून्य मिळाले नाही, तर अशा बहुपदीचे परिमेय संख्यांत अवयव पडत नाहीत असे खात्रीने म्हणता येते.

पण क्ष⁴ आला की सावध व्हा. चारचे दोन भाग दोन आणि दोन असेही पडतात. तेव्हा साधा अवयव एकही नसताना वर्गाचे दोन अवयव लपलेले असू शकतात. पुढील प्रसंग पाहा.

फळ्यावर क्ष⁶ − १ ही बहुपदी आहे. एका मुलीने तिला वर्गांची वजाबाकी मानले:

क्ष⁶ − १ = (क्ष³ − १)(क्ष³ + १)

मग घनांची सूत्रे वापरून तिने उत्तर लिहिले:

(क्ष − १)(क्ष² + क्ष + १)(क्ष + १)(क्ष² − क्ष + १)

एका मुलाने तिला घनांची वजाबाकी मानले. क्ष⁶ हा क्ष² चा घन आहे. म्हणून

क्ष⁶ − १ = (क्ष² − १)(क्ष⁴ + क्ष² + १)
= (क्ष − १)(क्ष + १)(क्ष⁴ + क्ष² + १)

मुलीकडे चार अवयव, मुलाकडे तीन. दोघांनीही प्रत्येक पायरी बरोबर केली आहे. मुलगा म्हणतो, 'क्ष⁴ + क्ष² + १ ला कोणतेच सूत्र लागत नाही. क्ष ची कोणतीही किंमत घेतली तरी ते शून्य होत नाही. माझे उत्तर पूर्ण आहे.'

मुलाचे दोन्ही म्हणणे खरे वाटते, पण त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. क्ष⁴ + क्ष² + १ मध्ये क्ष² मिळवा आणि लगेच वजा करा. किंमत बदलत नाही:

क्ष⁴ + २क्ष² + १ − क्ष²
= (क्ष² + १)² − क्ष²
= (क्ष² + क्ष + १)(क्ष² − क्ष + १)

पाहा, हे तर मुलीचेच दोन कंस! मुलगा दुसऱ्या वाटेने निघाला होता आणि एक पायरी आधी थांबला होता. आता दोन्ही कंसांचे विवेचक काढा. दोन्हींचा विवेचक १ − ४ = −३ येतो. तो पूर्ण वर्ग नाही. आता थांबायला हरकत नाही.

येथे अक्षराच्या जागी १० ठेवून पाहा. क्ष⁶ − १ ची किंमत ९९९९९९ होते. मुलीची पहिली पायरी ९९९ × १००१ होती. मुलाची पहिली पायरी ९९ × १०१०१ होती. दोन्ही गुणाकार ९९९९९९ च आहेत. आणि पूर्ण अवयव पाडल्यावर दोघांचेही ९ × ११ × १११ × ९१ येते. आपल्या ६० च्या उदाहरणात जे झाले, तेच येथे झाले. परिमेय सहगुणकांच्या बहुपदीचे पूर्ण अवयव एकच असतात. फक्त त्यांचा क्रम आणि संख्यांचे गुणक इकडेतिकडे होऊ शकतात. हे गणितात सिद्ध झालेले आहे. म्हणून दोघांची उत्तरे जुळत नसतील आणि दोघांचेही गुणाकार बरोबर असतील, तर भांडू नका. कोणाचा तरी एखादा कंस अजून फुटायचा राहिला आहे, असे समजा.

एक गोष्ट सांगायची राहिली. 'पूर्ण' हा शब्द कोणत्या संख्या वापरायच्या यावरही अवलंबून असतो. क्ष² − २ चे अवयव परिमेय संख्यांत, म्हणजे 'नातिक़ आदाद'मध्ये, पडत नाहीत. पण √२ वापरायची परवानगी असेल, तर (क्ष − √२)(क्ष + √२) असे अवयव लगेच पडतात. क्ष⁴ + १ चेही तसेच आहे. परिमेय संख्यांत ते फुटत नाही, पण √२ घेतला की (क्ष² + √२क्ष + १)(क्ष² − √२क्ष + १) असे फुटते. जर्मन गणितज्ञ गाऊस यांनी १७९९ मध्ये आपल्या प्रबंधात असे मांडले की, सर्व वास्तव संख्या वापरायची मुभा असेल, तर कोणतीही बहुपदी क्ष च्या आणि क्ष² च्या राशींपर्यंत फोडता येते. त्यापेक्षा मोठा तुकडा शिल्लक राहत नाही. म्हणून उदाहरण सुरू करण्यापूर्वी प्रश्नात कोणत्या संख्या अभिप्रेत आहेत ते पाहा. शाळेतल्या उदाहरणांत बहुधा परिमेय संख्याच अभिप्रेत असतात.

तेव्हा अवयव पाडताना हा क्रम ध्यानात ठेवा. आधी सामाईक अवयव बाहेर काढा. मग वर्गांची किंवा घनांची सूत्रे लागतात का ते पाहा. तीन पदे असतील तर मधल्या पदाची फोड करा. चार पदे असतील तर दोन-दोन पदांचे गट करून पाहा. प्रत्येक नव्या कंसाच्या आत पुन्हा पाहा. क्ष² ची राशी उरली तर विवेचक काढा. शेवटी क्ष च्या जागी एखादी संख्या ठेवून मूळ बहुपदीची आणि उत्तराची किंमत सारखी येते का ते तपासा. मात्र किंमत जुळली म्हणजे अवयव पूर्ण पडले असे होत नाही. मुलाच्या उत्तराची किंमतही जुळतच होती.

आता वही घ्या आणि ही उदाहरणे स्वतः सोडवा. पहिले सोपे आहे: ५क्ष³ − ४५क्ष. दुसऱ्यात चार अवयव मिळाल्याशिवाय थांबू नका: क्ष⁴ − ५क्ष² + ४. तिसरे आहे क्ष⁴ + ४. याला एकही सूत्र सरळ लागत नाही आणि याची किंमतही कधी शून्य होत नाही. तरी त्याचे अवयव पडतात. काय मिळवायचे आणि काय वजा करायचे, ते तुम्ही शोधा. तुमचे उत्तर बरोबर असेल, तर क्ष च्या जागी १० ठेवल्यावर दोन कंसांच्या किमती १२२ आणि ८२ येतील, आणि त्यांचा गुणाकार १०००४ होईल. मग त्या दोन्ही कंसांचे विवेचक काढा आणि आता थांबावे की नाही, ते कारणासह लिहा.